वाफ वाढवू नका, लाकूड बदला (आणि रंधा तर आधी खाली ठेवा)

तुमची पोस्ट वाचली आणि माझ्या पहिल्या कयाकच्या (लाकडी सांगाड्यावर कापडाचं आवरण चढवलेली वल्ह्याची अरुंद होडी) वेळी भिंतीशी साठलेला मोडक्या पट्ट्यांचा ढीग डोळ्यांसमोर आला. तुम्ही लिहिलंय की सांगाड्याच्या २८ फासळ्यांपैकी (होडीला आकार देणाऱ्या, वाफेवर वाकवायच्या पट्ट्या) १५ वाकवताना मोडल्या, वाफेचा वेळ १० मिनिटांवरून ४० वर नेला तरी कडाड् आवाज येतोच, आणि आता उरलेल्या पट्ट्या रंधून त्यांची जाडी ८ मिमीवरून ५ मिमी करायचा तुमचा विचार आहे. तेवढं करू नका. बाकीचं उत्तर सवडीने वाचा.

आधीच सांगतो, मी सुतार नाही. आजवर दोनच कयाक बांधल्या, त्यातली पहिली दोनदा बांधावी लागली. त्यामुळे हा फक्त अनुभव समजा. वाफेची पेटी, खोबणी, दोऱ्याचे बांध हे सगळं तुम्हाला जमलेलं दिसतंय, त्यावर बोलत नाही.

तुमच्या फोटोतला तिसरा तुकडा मोठा करून पाहिला. तो आखूड, बोथट मोडलाय, खडू मोडावा तसा. लाकडाच्या तंतूंची रेषा तिरकी असती तर लांब तिरपी चीर गेली असती आणि बाहेरच्या बाजूने कुसळं उभी राहिली असती. असा खडूसारखा तुकडा पडतो तेव्हा दोष बहुधा लाकडाच्या कोरडेपणात असतो. तुम्ही घेतलेला ओक फर्निचरसाठी भट्टीत वाळवलेला असणार. त्यात ओलावा ६ ते ८ टक्केच उरतो, आणि असं लाकूड वाफेने ताज्या लाकडासारखं नरम होत नाही. मग कितीही वाफ द्या. उलट जास्त वाफेने लाकूड आणखी ठिसूळ होतं. जुना ठोकताळा इंचभर जाडीला तासभर वाफेचा आहे. त्या हिशोबाने ८ मिमीला वीस मिनिटं झाली, आणि ताज्या लाकडाला त्याहूनही बरीच कमी पुरतात. चाळीस म्हणजे शिजवून लगदा.

हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. ज्यांच्याकडून आराखडे घेतले (नाव घेत नाही, घेऊन काय उपयोग) त्यांना मी तीन वेळा लिहिलं, मोडक्या तुकड्यांचे फोटोही पाठवले. तिन्ही वेळा उत्तर एकच: "वाफेचा वेळ वाढवून पाहा." लाकूड कुठलं, ओलं की वाळवलेलं, हा एक प्रश्न विचारला असता तर माझा अख्खा मोसम वाचला असता. लाकूडवाल्याची वेगळीच तऱ्हा. ओलं लाकूड मागितलं तर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शिळं अन्न विकत मागतोय. असो.

तर मी काय केलं? तुम्ही आज जे करायला निघालायत तेच. चिडून सगळ्या फासळ्या ५ मिमी केल्या. वाकल्या की हो! एकही मोडली नाही. मी खूश. पण पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनात बदलतो. ८ चे ५ केले की तो पावच उरतो, आणि ताकद निम्म्याहून कमी. सांगाड्यावर हे कळत नाही, कारण दोऱ्यांनी बांधलेला सांगाडा तसाही थोडा हलतोच आणि आपण समजतो की ही तर या होडीची खासियत. मी आवरण शिवलं, रंगवलं, पाण्यात नेली. तिसऱ्या महिन्यात उथळ पाण्यात बसताना टाच रोवून अंग पुढे सरकवलं आणि पायाखाली बारीकसा "कट्" आवाज झाला. घरी येऊन उलटी केली तर कण्याच्या डाव्या बाजूला कापडावर सुपारीएवढा उंचवटा. मोडलेल्या फासळीचं टोक आतून कापड दाबत होतं.

एकच फासळी असती तर बसायच्या भोकातून हात घालून शेजारी दुसरी बांधली असती. पण पायापाशी हात पोहोचत नाही, आणि विजेरी धरून पाहिलं तर आणखी चार फासळ्यांना चिरा. वरची शिवण उसवावी म्हटलं तर ती पॉलियुरेथेनमध्ये (कापडातून पाणी आत येऊ नये म्हणून दिलेला लेप) बुडालेली. शेवटी ब्लेडने सगळं कापड कापून काढलं. ज्या शिवणीवर सहा संध्याकाळी घालवल्या ती दहा मिनिटांत गेली. (जाता जाता: दोन भागांचं पॉलियुरेथेन मिसळताना साधा धुळीचा मास्क लावू नका. त्यातल्या आयसोसायनेट या घातक रसायनासाठी योग्य फिल्टरचा मास्क लागतो आणि जागा उघडी हवी. माझं यावर वेगळं भांडण आहे, इथे नको.)

आता तुम्ही काय करावं. हवेवर वाळलेलं किंवा ताजं कापलेलं ओक किंवा ॲश जातीचं लाकूड मिळवा, बिनगाठीचं, रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ असलेलं. शक्य असेल तर पाचर मारून फोडून घ्या. करवत रेषा सोडून चालते, पाचर रेषेनेच जाते. पेटीतून काढल्यावर हातात फार तर दहा सेकंद असतात, तेव्हा कुठली फासळी कुठल्या खोबणीत हे आधी लिहून ठेवा. आणि धनुष्यासारखी गोल वाकवू नका. मधला भाग जवळजवळ सपाट, वळण दोन्ही टोकांकडे. वाफवलेलं लाकूड दाबलं तर बरंच दबतं, पण ताणलं तर जेमतेम एक-दोन टक्के. म्हणून मोडतं ते बहुधा बाहेरच्या अंगाने. बाहेरून पातळ पोलादी पट्टी धरून वाकवलं तर तो ताण पट्टी घेते.

भट्टीतलंच लाकूड भिजवून वापरा असं काहीजण सांगतील. मी तीन दिवस भिजवून नऊ पट्ट्या वाकवल्या, पाच टिकल्या. कुणाला याहून चांगलं जमलं असेल, मी वाद घालणार नाही. पण टिकलेल्या पाचांवरही माझा भरवसा नव्हता. टाचेखाली तर मी त्या घालणारच नाही.

आणखी एक, विचारलं नसलं तरी. आवरण चढवण्याआधी सांगाड्यात बसून पाहा, आणि पाण्यात घालणार तेच बूट घालून. फासळ्या नव्याने करतच आहात तर पायाशी उंची वाढवायची हीच वेळ. अनवाणी बसून मापलं तर पुढे बोटं वर दाबली जातात आणि तासाभरात पाय बधिर होतात.

मोडलेल्या पंधरा फासळ्या फेकू नका. वाकवायला निकामी असलेलं ते खडखडीत कोरडं लाकूड आडव्या दांड्यांच्या खुंट्यांना उत्तम. कोरडी खुंटी ठोकली की हवेतला ओलावा घेऊन भोकात फुगते आणि घट्ट बसते. माझ्या दुसऱ्या सांगाड्यातल्या सगळ्या खुंट्या पहिल्याच्या मोडक्या फासळ्यांच्या आहेत.