बेरोजगारांना मिळणारा घरभाडे भत्ता शेवटी घरमालकाच्याच खिशात जातो का?

भत्ता वाढवला की त्यातला बराचसा मालकाकडे जातो, हे मला पटतं. पण म्हणून तो कापला तर मार बहुधा भाडेकरूलाच बसतो, हे या वादात कुणी बोलत नाही.

मी सांगलीचा. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं आणि आत्याचं गावभागातलं मातीच्या भिंतींचं घर बसलं. घर पडलेल्यांना भाड्यासाठी शासनाने शहरात 36,000 आणि खेड्यात 24,000 रुपये जाहीर केले होते. आम्ही विश्रामबागेत खोल्या शोधत हिंडलो. एका मालकाने फोनवर 4,500 सांगितले होते. पूरग्रस्त आहोत म्हटल्यावर म्हणाला, "तुम्हाला सरकारचे पैसे येणारच आहेत की," आणि थेट 6,000 वर गेला. संताप आला. पण एकेका खोलीमागे तीन-तीन कुटुंबं होती आणि कोरड्या भागात घरं काही रातोरात उगवणार नव्हती. मला जास्त वाईट वाटलं ते वरच्या मजल्यावरच्या जोडप्याचं. त्यांना मदतीचा एक रुपया नव्हता, तरी अकरा महिन्यांचा करार संपल्यावर त्यांचंही भाडं तेवढंच झालं.

फ्रान्सने 1990 नंतरच्या काही वर्षांत भत्ता विद्यार्थ्यांसह सगळ्या कमी उत्पन्नवाल्यांना लागू केला. त्यावरच्या एका अभ्यासात दर 1 युरो भत्त्यामागे भाडं सुमारे 78 सेंटने चढलेलं दिसलं. ब्रिटनने 2011 मध्ये उलटं केलं. भत्त्याची मर्यादा त्या भागातल्या मधल्या भाड्यावरून खाली आणून स्वस्तातल्या 30 टक्के घरांपुरती ठेवली. मालक भाडं उतरवतील अशी आशा होती, पण कपातीचा जवळपास 90 टक्के भार भाडेकरूंवरच पडल्याचं पुढे अभ्यासातून दिसलं. तिथेच 1996 च्या सुमाराच्या कपातीत मात्र मालकांना जास्त झळ बसली होती, तेव्हा दर वेळी असंच होतं असंही नाही.

माझ्या मते भत्ता द्यायलाच हवा, आणि जोडीला भाड्याची घरं वाढवायला हवीत. मालकाने दीड हजार जास्त घेतले, तरी आत्या शाळेतल्या छावणीतून बाहेर पडली ती त्याच मदतीच्या जोरावर. नाहीतर डिपॉझिट कुठून भरणार होतो?

पुढच्या वर्षी तिने खोली बदलली, तेव्हा पुराचा विषयच काढला नाही. 4,800 वर ठरलं.