जुनी स्टार ट्रेक पुन्हा बघतोय, तिसरा सीझन गाळला तर चालेल का?

चालेल की, कोण पकडायला येणारे. पण तुम्ही पुढे लिहिलंय ना, "तिसरा सीझन टाकाऊ आहे असं सगळेच म्हणतात, बेस्ट एपिसोडची यादी द्या, तेवढेच बघतो", त्याने माझं डोकं फिरलं, कारण हेच वाक्य मी आमच्या भाऊजींकडून दर दिवाळीला ऐकते. भाऊजी म्हणजे ताईचे मिस्टर, हिंजवडीत आयटीत आहेत, त्यांच्याकडे या अंतराळयानाच्या जुन्या अमेरिकन मालिकेच्या 79 च्या 79 एपिसोडची एक्सेल शीट आहे. हिरवे बघायचे, पिवळे वेळ असला तर, लाल अजिबात नाही. तिसरा सीझन खालपर्यंत लालेलाल.

तर मागे आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती माझ्याकडे कोथरूडला राहायला आली. पाय लांब करून बसायचं, बर्फाने शेकायचं, दिवस जाता जात नाही, मराठी सिरियल्स तिला आता बघवत नाहीत. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी स्टार ट्रेक लागायची तेव्हा आम्ही दोघी बहिणी टीव्हीला चिकटलेल्या आणि ही स्वयंपाकघरातून "बंद करा ते, अंघोळी कोण करणार" म्हणून ओरडायची. या वेळी मी मुद्दाम पहिल्या सीझनपासून लावली, चारच्या चहाला एक एपिसोड. जेमतेम सुरुवात झाली होती आणि शनिवारी भाऊजी टपकले. म्हणे अगं आईंना हे काय दाखवत बसलीस, डायरेक्ट 'सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर' लाव, हिरव्यातला हिरवा आहे. त्यांनीच लावला. शेवटी यानाच्या कॅप्टन कर्कचं जिच्यावर प्रेम बसलंय ती एडिथ ट्रकखाली येणार असते, यानावरचा डॉक्टर मॅकॉय तिला वाचवायला धावतो आणि कर्क त्यालाच मिठी मारून अडवतो, तर आई म्हणाली, "हा मेला त्याला सोडत का नाही? आणि हे दोघं एकमेकांचे कोण?" मग काय, भाऊजी पॉज करून करून ती वाचली तर इतिहास कसा बदलतो ती टाइमलाइन समजावतायत आणि आई "बरं, बरं" म्हणत खारी खातेय.

पुढे आम्ही दोघी क्रमाने बघत गेलो आणि तोच एपिसोड त्याच्या जागी आला, म्हणजे पहिल्या सीझनच्या शेवटून दुसरा. तोवर कर्क कसा बायकांच्या मागे असतो, जहाजापुढे त्याला काही सुचत नाही, डॉक्टर नुसता तोंडाळ आहे पण जीव लावतो, हे सगळं तिला पाठ झालेलं. या वेळी एक प्रश्न नाही. खारी चहात बुडवलेली तशीच हातात, अर्धी विरघळून कपात पडली. भाऊजींना मी फोन करून सांगितलं तर म्हणतात, दुसऱ्यांदा बघितला म्हणून कळला असेल. घ्या.

क्रमाने बघितलं की ती दुनिया उभी राहताना दिसते हो. 'द एनिमी विदिन'मध्ये माणसं खाली ग्रहावर थंडीने काकडतायत, माणसांना क्षणात इकडून तिकडे पोचवणारा ट्रान्सपोर्टर बिघडलाय, मग शटल, म्हणजे छोटं यान, का नाही पाठवत? कारण शटल तोवर बनवलेलंच नव्हतं. फेडरेशनचा, म्हणजे हे यान ज्या ग्रहांच्या संघाचं आहे त्याचा, पत्ताच नाही कितीतरी एपिसोड, शत्रू क्लिंगॉन तर सीझन संपत आल्यावर येतात. आणि डॉक्टरची ती चकचकीत हत्यारं दिसल्यावर आई लगेच म्हणाली, "ही मिठाची भांडी आहेत." आहेतच! मीठ खाणाऱ्या राक्षसाच्या एपिसोडसाठी आणलेल्या फॅशनेबल मीठदाण्या, पण त्या मीठदाण्या वाटेनात म्हणून मॅकॉयला देऊन टाकल्या.

आता तिसरा सीझन. मालिका बंद पडत होती, प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडून वाचवली, तर एनबीसी या अमेरिकन वाहिनीने काय केलं, शुक्रवारी रात्री दहाला टाकली, जेव्हा तरुण पोरं घरात नसतात. बजेट कापलं, मालिकेचा जनक रॉडनबेरी, त्याने रोजच्या कामातून अंग काढून घेतलं, फ्रेड फ्रायबर्गर निर्माता म्हणून आला आणि सगळी बिलं त्याच्या नावावर फाटली. पहिलाच एपिसोड 'स्पॉक्स ब्रेन', कर्कचा टोकदार कानांचा साथीदार स्पॉक, त्याचा मेंदू चोरीला जातो आणि त्याचं धड रिमोटवर चालवत नेतात. भाऊजींच्या शीटमध्ये हा गडद लाल. आम्ही मायलेकी इतक्या हसलो की आईला टाके दुखायला लागले. पण त्याच सीझनमध्ये 'स्पेक्टर ऑफ द गन' आहे, पैसे नाहीत म्हणून गावातली घरं नुसती पुढच्या भिंतीची, मागे लाल आकाश, आणि तेच इतकं विचित्र दिसतं की भरपूर पैसे असते तर हे सुचलंच नसतं. 'द एम्पाथ'मध्ये तर सेटच नाही, काळोख आणि एक मुकी मुलगी. लेखिका डोरोथी फोंटानाचा 'द एंटरप्राइज इन्सिडंट', रोम्युलन या दुसऱ्या शत्रूंच्या जहाजावर बाई कमांडर, 1968 मध्ये. हे सगळं गाळायचं? का, तर शीटमध्ये लाल आहे म्हणून?

तुम्हाला यादीच हवी असेल तर 'द वे टू ईडन' गाळा, अंतराळातले हिप्पी गाणी म्हणतात, आईसुद्धा उठून गेली, गुडघ्यासकट. 'अँड द चिल्ड्रन शॅल लीड' पण गाळा. शेवटचा 'टर्नअबाउट इंट्रूडर', 3 जून 1969 चा, त्यात बायकांना कॅप्टन होता येत नाही असं चक्क म्हटलंय, तो बघा आणि चिडा.

हां, एक आहे, घरात लहान मुलं असतील आणि पहिल्यांदाच दाखवत असाल तर सलग तीन सीझन झेपणार नाहीत, तिथे निवडून दाखवा. (हे भाऊजींना सांगू नका.) आणि कुठल्या ॲपवर आहे ते मला विचारू नका, सारखं बदलतं. मात्र 2006 नंतरच्या रीमास्टर्डमध्ये जहाजाचे जुने शॉट काढून कॉम्प्युटरवाले घातलेत, ते नको. ब्लू-रे मिळाली तर मेनूत दोन्ही पर्याय असतात, जुनं निवडा. भाऊजी नवीनच लावतात.