सहाशे डॉलरात जुनी लष्करी रायफल: मोसिन की इशापूर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ग्रीन कार्ड नुकतंच हातात आलंय, राहायला ओहायोत, कॉलेजात असताना एनसीसीत पॉइंट टू-टू चालवली होती, आणि आता सुट्टीच्या दिवशी रेंजवर जाऊन नेमबाजी करायला एक जुनी बोल्ट-ॲक्शन (प्रत्येक गोळीला हाताने खिट्टी ओढायची) लष्करी रायफल घ्यायची आहे. बजेट सहाशे डॉलर. दुकानात दोन बघून ठेवल्यात, ४२० ला रशियन मोसिन-नागान ९१/३० आणि ५५० ला भारतीय बनावटीची, इशापूरची २ए१. यातली कुठली घेऊ, आणि पुढे भारतात परतलो तर ती सोबत नेता येईल का?

नळी चांगली निघाली तर इशापूर घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. ती आपल्याकडची आहे म्हणून मी हे म्हणत नाही. रायफलचे पैसे एकदाच जातात, काडतुसांचे दर वेळी जातात. म्हणून आधी काडतूस ठरवायचं आणि मग ते चालवणारी रायफल शोधायची. बहुतेक जण नेमकं उलट करतात आणि सहा महिन्यांनी बंदूक कपाटात पडून राहते.

जुनेजाणते लोक नवख्याला अजूनही मोसिन सुचवतात, कारण त्यांनी २००० च्या दशकातला काळ पाहिलाय. तेव्हा मोसिन शंभर डॉलरच्या आत मिळायची आणि ४४० काडतुसांचा पत्र्याचा सीलबंद डबा सहज परवडायचा. ते साठे आता जवळजवळ आटले. त्यात २०२१ च्या सप्टेंबरपासून अमेरिकेने रशियन दारूगोळ्याच्या आयातीचे नवे परवाने बंद केले. आज मोसिनला लागणारं ७.६२×५४आर चं नवं काडतूस मिळतं ते सर्बियातल्या प्र्वी पार्टिझानचं नाहीतर चेक सेलिए अँड बेलोचं. माल उत्तम आहे, पण एका गोळीला डॉलर किंवा त्याहून जास्त मोजावा लागतो. उलट इशापूरला लागणारं ७.६२ नाटो अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या दुकानात पडलेलं असतं आणि घाऊक घेतलं तर डॉलरच्या आत बसतं. महिन्यातून एकदा रेंजवर जाऊन ४० गोळ्या झाडल्या, तर वर्षाच्या ४८० होतात. गोळीमागे ३० सेंटचा फरक धरला तरी वर्षाला १४४ डॉलर होतात. तुम्ही बघितलेल्या दोन बंदुकांच्या किमतीतला फरक आहे १३० डॉलर.

आता २ए१ बद्दल, कारण तिच्याविषयी इथे बरेच गैरसमज आहेत. १९६२ च्या युद्धानंतर भारतीय सैन्याला रायफली तातडीने हव्या होत्या. पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीत थ्री-नॉट-थ्रीच्या एसएमएलई (शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड) नंबर १ मार्क ३ ची सगळी यंत्रसामग्री होतीच. त्याच रचनेत नाटोचं ७.६२×५१ काडतूस बसवलं, वाढीव दाब सोसावा म्हणून पोलाद बदललं, आणि १२ काडतुसांचं चौकोनी मॅगझिन दिलं. ती २ए. मागच्या साइटवरची २००० मीटरची पट्टी ८०० वर आणली, ती २ए१. म्हणजे ही जुन्या .३०३ ची नळी बदलून केलेली जोडाजोड नव्हे, ही पहिल्यापासून ७.६२ साठीच घडवलेली बंदूक आहे. बोल्टच्या मागे, दस्ता जिथे अडकतो त्या धातूच्या कड्याच्या बाजूला आर. एफ. आय. ही अक्षरं, वर्ष आणि मॉडेल कोरलेलं सापडेल, ते वाचून खात्री करा.

तिच्यात .३०८ विंचेस्टर, म्हणजे ७.६२ नाटोचं नागरी भावंड, चालतं का, हा वाद कधी संपत नाही. बाहेरून दोन्ही काडतुसं सारखीच दिसतात. फरक असा की नाटोच्या चेंबरला (नळीतल्या काडतूस बसायच्या जागेला) लांबीची सूट जास्त असते आणि लष्करी काडतुसाचं पितळ जाड असतं. शिवाय ली-एनफिल्डचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो, पुढे काडतुसाच्या बुडाशी नाही. त्यामुळे गोळी सुटताना बोल्ट किंचित दबतो आणि पितळ ताणलं जातं. या बंदुकीत मी फक्त १४७ ते १५० ग्रेन वजनाच्या गोळीचं, नाटो दाबाचं काडतूस घालतो आणि तुम्हीही तेच करा. शिकारीसाठीचं तिखट, जड गोळीचं .३०८ तिच्यात घालू नका. ती जुन्या रचनेची बंदूक आहे, तिला तिच्याच मापाचं द्यावं. पुढे स्वतः काडतुसं भरायचा विचार असेल, तर हेही लक्षात ठेवा की ताणलेलं पितळ फार वेळा भरता येत नाही.

दुकानात गेल्यावर लाकडाच्या चकाकीकडे बघूच नका. बंदूक रिकामी आहे याची खात्री करून, दुकानदाराची परवानगी घेऊन बोल्ट बाहेर काढा आणि मागून छोटा टॉर्च धरून नळी बघा. आतल्या पेचदार खाचा धारदार दिसल्या पाहिजेत. जराशी काळपट नळी चालते, पण खड्डे आणि चेंबरजवळचा गंज चालत नाही. नळीच्या तोंडाची झीज त्याहून महत्त्वाची. सैनिक वर्षानुवर्षं तोंडाकडून गज किंवा दोरी घालून नळी साफ करत आले, त्यामुळे तिथलं माप रुंदावतं आणि नेम पसरतो. सुटी गोळी, म्हणजे काडतूस नव्हे, नुसती गोळी, तोंडात टेकवून बघा. जवळजवळ सगळी आत गेली तर ती बंदूक सोडा. मोसिनमध्ये एक वेगळी गोष्ट दिसेल: दुरुस्ती कारखान्यात तोंडाकडचा झिजलेला भाग आतून थोडं मोठं भोक पाडून काढून टाकलेला असतो. ते वाईट नाही, अशा मोसिन उत्तम नेम धरतात, पण मग गोळीची ही चाचणी तिथे लागू पडत नाही.

हेडस्पेसची तपासणी मात्र टाळू नका. बोल्ट बंद झाल्यावर काडतुसाच्या बुडामागे किती मोकळी जागा उरते, ते गेज घालून मोजतात. कुठल्याही गनस्मिथकडे हे काम थोडक्या पैशात होतं. त्याला बंदूक ७.६२ नाटोची आहे हे आवर्जून सांगा, कारण .३०८ ची गेज वेगळी असतात. ब्रिटिश नंबर ४ रायफलमध्ये बोल्टचं डोकं ० ते ३ अशा क्रमांकांत मिळतं आणि ते बदलून जागा कमी करता येते. नंबर १ घराण्यात, म्हणजे २ए१ मध्येही, डोक्यावर क्रमांक नसतो, हातात येतील ती लावून बघावी लागतात. म्हणून बोल्टवरचा नंबर मुख्य सांगाड्यावरच्या नंबरशी जुळतो का ते आधीच बघा. मोसिनवर सगळे नंबर जुळलेले दिसले तरी भाळू नका. युद्धानंतर रशियन कारखान्यांनी ढिगातून भाग जोडले आणि नवे नंबर कोरले. बंदूक चालवायला त्याने काही बिघडत नाही, पण ‘सगळे नंबर मूळ’ म्हणून जादा पैसे देऊ नका.

एसएमएलई प्रकारात पुढच्या लाकडाचं महत्त्व फार आहे. मागच्या टोकाला ते धातूला घट्ट टेकलेलं नसेल, तर नळी कितीही छान असो, गोळ्या एका जागी पडत नाहीत. इशापूरवाले लाकडातून आडवा स्क्रू घालत ते याच मजबुतीसाठी. तो दिसला तर घाबरू नका, पण तेल मुरून मऊ पडलेलं लाकूड नको. आणि घरी आणल्यावर उत्साहाच्या भरात दस्त्याचा बोल्ट फिरवायला जाऊ नका. पुढचं लाकूड आधी उतरवायचं, मगच दस्ता. उलट क्रमाने केलं की पुढच्या लाकडाला मागून तडा जातो. दुकानांत अशा तडकलेल्या बंदुका नेहमी बघायला मिळतात.

तरीही मोसिनवरच जीव जडला असेल तर खुशाल घ्या, भक्कम बंदूक आहे. फक्त दोन गोष्टी समजून घ्या. ९१/३० चा नेम संगीन लावून जुळवलेला असतो, म्हणून संगीन नसताना शंभर यार्डांवर गोळी वर आणि बाजूला गेली की बंदूक वाकडी आहे असं समजू नका. पुढची माशी थोडी सरकवावी लागते. दुसरी गोष्ट जुन्या सीलबंद डब्यातल्या काडतुसांची. त्यांच्या प्रायमरमध्ये (बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीत) पोटॅशियम क्लोरेट असतं. ते जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरतं, मिठासारखाच एक क्षार. तो नळीत बसून हवेतला ओलावा ओढत राहतो. इरी सरोवराकडच्या दमट उन्हाळ्यात एका रात्रीत गंज दिसू शकतो. तेलात क्षार विरघळत नाही, त्यामुळे नुसतं तेल लावून ठेवलं तर तो तेलाखाली आपलं काम करत राहतो. घरी आल्याबरोबर, त्याच दिवशी, नळीतून गरम पाणी ओता, बोल्टचं डोकं सुटं करून तेही धुवा, पूर्ण कोरडं करा आणि मग तेल लावा. काच पुसायच्या अमोनियाच्या फवाऱ्याची शिफारस तुम्हाला कोणीतरी करेलच. त्यातही काम पाणीच करतं.

रेंजचे नियम आधी फोन करून विचारा. बंद रेंजवर बहुधा चुंबक लावून बघतात, आणि पोलादी गाभ्याची किंवा पोलादी वेष्टनाची गोळी असली तर परत पाठवतात. बरंचसं जुनं ५४आर त्यात अडकतं. आपल्याकडचं जुनं नाटो काडतूस कुठे मिळालं आणि बुडावर ‘ओएफव्ही’ दिसलं, तर ते जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतलं. मला त्याचं अप्रूप आहे. पण इतकी वर्षं ते कुठे, किती उन्हात पडून होतं कळायला मार्ग नाही, म्हणून ते झाडू नका.

बाकीच्या बंदुकांबद्दल थोडक्यात. बजेट वाढवता आलं तर स्विस के३१ सारखी दुसरी नाही. तिचा बोल्ट फिरवायचा नसतो, सरळ मागे ओढायचा असतो, आणि नेम थक्क करतो. इथिओपियातून आलेल्या इटालियन कार्कानो स्वस्त दिसतात, पण काडतूस महाग आणि त्यांना स्वतःची क्लिप लागते. अमेरिकन १९०३ स्प्रिंगफील्ड स्वस्तात दिसली तर क्रमांक बघा. स्प्रिंगफील्ड कारखान्याची ८,००,००० च्या खालची आणि रॉक आयलंडची २,८५,५०७ च्या खालची बंदूक झाडायची नाही. त्या काळात पोलाद तापवण्यात दोष राहिला होता आणि काहींचे सांगाडे फुटले. कोणीतरी लाकूड कापून शिकारीसाठी बदललेल्या लष्करी रायफली खूप कमी किमतीत जातात. नुसतं झाडायचंच असेल तर त्या खरोखर फायद्याच्या. मात्र तुमच्याच राज्यात कॅम्प पेरीला दर उन्हाळ्यात जुन्या लष्करी रायफलींच्या स्पर्धा होतात, तिथे मूळ स्वरूपातलीच बंदूक लागते. २ए१ महायुद्धानंतरची आहे, तेव्हा तिथे जायचा बेत असेल तर त्या वर्षीची नियमावली आधी वाचून घ्या.

कायद्याचं आता. तुम्हाला ग्रीन कार्डवर रायफल घेता येते. दुकानात बंदूक खरेदीचा संघीय ४४७३ फॉर्म भराल तेव्हा ओहायोच्या लायसन्सवर सध्याचा पत्ता हवा. पण हे वाचणाऱ्या एच-१बी, एल-१ आणि एफ-१ वाल्यांनो, तुमच्यासाठी नियम पूर्ण वेगळा आहे. बिगर-स्थलांतरित व्हिसावर बंदूकच काय, काडतूस जवळ बाळगणंही संघीय गुन्हा आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण मित्राच्या ऐकीव माहितीवर त्यांचा आधार घेऊ नका, वकिलाला विचारा. घरात कोणी अशा व्हिसावर असेल तर कपाटाची किल्ली फक्त तुमच्याकडे ठेवा. पुढे नाद वाढला तर ‘क्युरिओ अँड रेलिक’ हा संग्राहकांचा परवाना घ्या, तीन वर्षांना ३० डॉलर. पन्नास वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या बंदुका मग थेट घरी येतात, फक्त नोंदवही चोख ठेवावी लागते. आणि नोकरीसाठी कॅलिफोर्नियाला जायचं झालं, तर २ए१ चं १२ चं मॅगझिन तिथे चालत नाही, १० ची मर्यादा आहे.

भारतात मात्र यातली कुठलीही नेण्याचा विचार सोडून द्या. .३०३ आणि ७.६२ नाटो ही दोन्ही तिथे ‘प्रोहिबिटेड बोअर’, म्हणजे सामान्य नागरिकाला बंदी असलेली मापं आहेत. म्हणूनच आपल्याकडे परवानाधारकांसाठी .३१५ ची वेगळी स्पोर्टिंग रायफल बनवली गेली. परतायचं ठरलं की ओहायोतल्याच परवानाधारक विक्रेत्यामार्फत ती विका. मूळ लाकूड, मॅगझिन आणि पट्टा जपून ठेवला असेल तर पैसे बरेचसे वसूल होतात. मुंबईत आलात तर वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनमध्ये चौकशी करा, पॉइंट टू-टू तिथे पुन्हा हातात घेता येईल.