लग्नाचा बार आणि ठासणीची बंदूक

प्रश्न वाईहून आला आहे. विचारणारे गृहस्थ लेकीला घेऊन साताऱ्याचं छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय पाहायला गेले होते. जुन्या बंदुकांपाशी लेक म्हणाली, "बाबा, लग्नाचा बार उडवतात तो बार म्हणजे ही नळी का? बॅरलचा बार?" बाबांना धड हो म्हणता येईना, धड नाही म्हणता येईना. त्यात त्यांच्या मंडळाने सामुदायिक विवाह लावलेत आणि त्याचा वृत्तान्त यांच्या गळ्यात पडलाय. 'सतरा लग्नांचे बार उडाले' लिहावं की 'बार उडाला', ही दुसरी अडचण. आणि जाता जाता एक पोटप्रश्न: तोड्याच्या बंदुकीतला तोडा आणि आजीच्या हातातला तोडा एकच का?

लेकीचा तर्क हुशारीचा आहे, पण बॅरलचा इथे काही संबंध नाही. बॅरलला मराठीत सरळ नळी म्हणतात. आणि क्रियापदं पाहा ना. आपण बार भरतो, बार ठासतो, हवेत दोन बार काढतो, बार होतो, बार उडतो. नळी कोण उडवेल? उडालीच तर ती बंदूकवाल्याच्या तोंडावर फुटलेली असते. नळीत जे भरायचं आणि नळीतून जे सुटायचं, तो बार.

हे पुस्तकापेक्षा त्या काचेपुढे उभं राहून लवकर कळतं. 2024 च्या जुलैत लंडनहून वाघनखं साताऱ्यात आली, तेव्हा सगळी गर्दी त्या पेटीपुढे होती आणि मला बंदुकांपुढे निवांत उभं राहायला मिळालं. ठासणीची बंदूक उंचीला जवळपास माणसाच्या खांद्याला लागते. नळीखाली एक लांब सळई अडकवलेली असते, तो गज. शेजारी उभा असलेला एक शाळकरी पोरगा मित्राला सांगत होता, "ही साफ करायची काडी." साफसफाईलाही वापरत असतील, पण गजाचं खरं काम वेगळं. बंदूक उभी धरायची, शिंगातून मोजून दारू नळीत ओतायची, वर गोळी, वर चिंधीचा बोळा, आणि मग गजाने ते सगळं तळापर्यंत ठासायचं. सैल राहिलं तर जोर नाही. एवढं झालं की नळीच्या बुडाशी असलेल्या कानाजवळ, म्हणजे बारीक भोकाजवळ, चिमूटभर बारीक दारू घालायची, तिला रंजक म्हणत. चाप ओढला की पेटता तोडा, म्हणजे धुमसती दोरी, खाली येतो, रंजक भुर्रकन पेटतं, त्याची आग कानातून आत शिरते आणि बार होतो.

म्हणजे एका वेळची दारू, गोळी आणि बोळा मिळून एक बार. तो उडाला की हातात उरतो तो नुसता दांडका. पुन्हा सगळा खटाटोप पहिल्यापासून. तोड्याच्या बंदुकीला त्यात मिनिट सहज जाई. पुढे तोड्याऐवजी गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी चकमकीची बंदूक आली, तरी कवायतीत तयार झालेला शिपाईसुद्धा मिनिटाला दोन-तीन बारांच्या फार पुढे जात नसे. म्हणून तर रांगा करून आळीपाळीने बार काढायची पद्धत पडली.

आता 'बार' हा शब्द कुठला? फारसीत बार म्हणजे ओझं, भार. सांगलीच्या बाजारात हळदीच्या पोत्याला बारदान म्हणतात, ते ओझं ठेवायचं भांडं. मराठेशाहीतला बारगीर, म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार, हा शब्दही मुळात ओझं वाहणाऱ्यावरूनच आलेला. बंदुकीवर एका वेळी जेवढं लादायचं तो तिचा बार, हाच धागा मला पटतो. इंग्रजही बंदूक 'लोड'च करतो, म्हणजे ओझं लादण्याची कल्पना त्यालाही सुचलीच की.

आणि हे ओझं भरण्याचं चित्र आपल्याकडे बंदुकीबाहेरही धडधाकट जिवंत आहे. सातारा-सांगलीकडचा माणूस चुना-तंबाखू मळतो, तळहातावर दोन थापा मारतो आणि ओठाआड चिमूट दाबून म्हणतो, "थांब, बार भरतो आन् मग बोलू." तळहातावर मोजलेली मात्रा, अंगठ्याचा दाब, एका वेळी एकच. गजाऐवजी अंगठा, एवढाच काय तो फरक!

दुसरा नमुना तुमच्याच शेजारच्या तालुक्यातला. खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी या गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर समोरासमोर येतात आणि वाजंत्रीच्या तालावर एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. त्याचं नाव बोरीचा बार. इथे ना दारू ना गोळी, पण या काठावरून सुटलेलं त्या काठावर जाऊन आदळतं. याहून चांगलं नाव सुचलं नसतं कुणाला.

एक सावधगिरी. दिसेल तो बार बंदुकीचा नव्हे. आटपाडीकडचा डाळिंबवाला "औंदा हस्त बार धरलाय" म्हणतो, तो बहार. बोलताना मधला ह गळाला. दुबार पेरणीतला बार म्हणजे वेळ, खेप, तोही फारसीच पण अर्थ निराळा. आणि महामार्गालगतच्या पाट्यांवरचा बार इंग्रजी, त्याची ओळख करून द्यायला नको. गंमत एवढीच, की तिथे मिळते तिलाही दारू म्हणतात आणि नळीत ठासायचे तीही दारूच. फारसीत दारू म्हणजे औषध. आपल्या 'दवादारू'त तो अर्थ अजून शाबूत आहे, बाकी दोन दारूंनी औषधपणा कधीच सोडला. स्फोटाच्या दारूत सोरा, गंधक आणि कोळसा. त्यात तीन चतुर्थांशाच्या आसपास नुसता सोरा. कवठेएकंदला दसऱ्याच्या रात्री जी आतषबाजी होते, तिला आसपासची जुनी माणसं अजून दारूकामच म्हणतात. नव्या पोरांना हा शब्द ऐकून हसू येतं.

ठासणीवरून मागे एकांनी विचारलं होतं, 'ठासून सांगणे' बंदुकीवरून आलं का. माझं उत्तर नाही असं आहे. ठासणे म्हणजे दाबून भरणे. गादीत कापूस ठासतात, पोत्यात भुसा ठासतात. हिंदीतही ठूँसणं आहे, त्याला बंदूक लागत नाही. हे क्रियापद बंदुकीने भाषेकडून उसनं घेतलं. बाराचं मात्र उलट झालं, तो बंदुकीतून भाषेत आला.

'फुसका बार' तर सरळ लढाईतलाच. दारू दमट असली, कान बुजलेला असला की वरचं रंजक तेवढं भक्कन पेटतं, धूर होतो, आणि आतला बार आतच राहतो. समोरच्याला आधी धडकी भरते, मग हसू येतं. म्हणून जिथे आवाज मोठा केला होता आणि निघालं काहीच नाही, तिथेच फुसका बार म्हणावं. मुळात गाजावाजाच नव्हता, अशा साध्या अपयशाला हल्ली बातम्यांत सर्रास फुसका बार म्हणतात, ते मला खटकतं. कानाचं महत्त्व असं, की माघार घेताना तोफा शत्रूच्या हाती लागणार असं दिसलं की त्यांच्या कानात खिळे ठोकून जात. एवढं अजस्र धूड एका खिळ्याने मुकं.

मग काडतूस आलं. शब्द पोर्तुगीज, 'कार्तुशु'वरून. सुरुवातीचं काडतूस म्हणजे कागदाच्या पुडीत बांधलेला एक बार. मोजलेली दारू आणि गोळी एकत्र. पुडीचं तोंड दातांनी तोडायचं, दारू नळीत ओतायची, उरलेलं ठासायचं. 1857 साली एनफिल्ड रायफलीच्या काडतुसावरून शिपाई का बिथरले, ते ही रीत माहीत असली की चटकन कळतं: पुडीला चरबी, आणि पुडी तोंडात. पुढे धातूची काडतुसं आली, ती मागून घालायची. गज गेला, ठासणी गेली. बार भरणं संपलं, नुसतं बार काढणं उरलं, आणि शब्दाचा अर्थ हळूहळू मालाकडून आवाजाकडे सरकला. तुमच्या लेकीला बार म्हणजे नळी वाटली त्यात तिचा दोष नाही. आतला माल तिने कधी भरताना पाहिलाच नाही.

तोड्याचं थोडक्यात. बंदुकीचा तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली पिळाची दोरी. ती भडकत नाही, नुसती धुमसत राहते. आजीच्या तोड्यातही पीळच असतो, सोन्याचा. शब्द एकच, आणि दोघांना जोडणारा तो पीळ असावा असं मला वाटतं. लेकीला आजीचा तोडा हातात देऊन पाहायला सांगा.

आता वृत्तान्त. बंदुकीच्या बाराचं अनेकवचन बेलाशक करा: तीन बार काढले, चार बार झाले. लग्नाच्या बाराचं करू नका. कित्येक महिने जुळवाजुळव ठासून भरायची आणि एका मुहूर्ताला सगळी एकदम उडवून मोकळं व्हायचं, हा त्या वाक्प्रचाराचा जीव. मोकळं होण्यात एक सुस्काराही आहे. "उरकून टाकू एकदा बार" असं मुलीचा बाप म्हणतो तो उगाच नाही. सतरा जोडपी असली तरी मांडव एक, मुहूर्त एक. तेव्हा 'सतरा लग्नांचा बार एकाच मांडवात उडाला' असं लिहा. पत्रिकेत मात्र बार नको. तिथे 'विवाहसोहळा'च छापा, नाहीतर व्याही मंडळी तुमच्यावर बार काढतील.