आयएनएस चिल्काला ट्रेनिंगला जाण्याआधी नेमकी काय तयारी करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "नौदलात अग्निवीर एसएसआरमध्ये (सीनिअर सेकंडरी रिक्रूट, म्हणजे बारावीनंतरची भरती) माझी निवड झाली. महिन्याभरात चिल्काला, नौदलाच्या ओडिशातल्या ट्रेनिंग केंद्रात, हजर व्हायचंय. पळणं चांगलं आहे, पण पोहता येत नाही आणि हिंदी अडखळत बोलतो. आता काय तयारी करू? पळणं वाढवू का?"

तुला 'तू'च म्हणतो, राग मानू नकोस. माझा पुतण्या तुझ्याच वयाचा आहे आणि मागच्याच वर्षी तिथून पासआऊट झालाय. मी स्वतः २००६ मध्ये तिथे गेलो होतो आणि पंधरा वर्षं नौदलात नोकरी करून बाहेर पडलो. आमचं मूलभूत ट्रेनिंग तुमच्यापेक्षा लांब होतं. अग्निवीरांना १६ आठवडे मिळतात, म्हणजे तेवढंच थोड्या दिवसांत कोंबलेलं.

आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, पळणं वाढवू नकोस. तू १.६ किलोमीटर साडेसहा मिनिटांच्या आत मारूनच निवडला गेलायस. तिथे मुलं ताकद कमी पडल्यामुळे गळत नाहीत. वेळ पुरत नाही म्हणून गडबडतात, आणि पाय दुखावतात म्हणून मागे राहतात. तुझा हा महिना या दोन गोष्टींना दे.

पायांचं आधी सांगतो, कारण त्याची किंमत मी मोजलीय.

पाचव्या आठवड्यात माझ्या डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. सुरुवातीला पळताना दुखायचं आणि थांबलं की जायचं. मग जिना उतरताना दुखायला लागलं. मग रात्री झोपेतसुद्धा. मी कुणाला बोललो नाही. सिक रिपोर्टला, म्हणजे आजारी म्हणून डॉक्टरकडे, गेलो तर लाइट ड्यूटी (हलकं काम) मिळेल, लाइट ड्यूटी मिळाली तर पीटी बुडेल, पीटी बुडाली तर रेलिगेट करतील, म्हणजे पुढच्या बॅचमध्ये ढकलतील, असा माझा हिशोब. बाम चोळला, क्रेप बँडेज गुंडाळलं, वरून मोजा चढवला आणि क्रॉस कंट्रीला उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी परेडला 'थम'वर, म्हणजे थांबायच्या हुकमावर, टाच आपटली आणि तो पाय परत उचलताच येईना. डॉक्टरांनी अंगठ्याने नडगी वरून खाली दाबत आणली. एका जागी, रुपयाएवढीच जागा असेल, मी टेबलावरून उडालो. हाडाला बारीक चीर गेली होती. "आठ दिवस आधी आला असतास तर आठ दिवसांत बरा होऊन गेला असतास," एवढंच ते म्हणाले. पुढे सहा आठवडे आराम. ज्या रेलिगेशनला घाबरून लपवलं, तेच झालं. माझी बॅच पासआऊट झाली तेव्हा मी कडेला उभा राहून टाळ्या वाजवत होतो.

हे का होतं ते समजून घे. हाडावर रोज ताण पडतो तेव्हा ते आतून थोडं झिजतं आणि विश्रांतीत पुन्हा भरून निघतं, आधीपेक्षा पक्कं होऊन. पण भरायला वेळ लागतो. घरी अर्धा तास पळणारा मुलगा अचानक दिवसभर पायांवर असतो. सकाळी पीटी, मग ड्रिल, मग एका जागेहून दुसरीकडे सगळं 'डबल', म्हणजे धावतच. भरण्याआधी पुन्हा झीज झाली की चीर पडते. म्हणून जाण्याआधीच्या महिन्यात जोर लावायचा नसतो, सवय लावायची असते. आठवड्यातून चार दिवस हळू पळ, बोलता येईल इतकं हळू, आणि मातीवर. आपली पोरं पहाटे हायवेच्या डांबरावर पळतात, वर दोन वर्षं जुने बूट, तळ गुळगुळीत झालेले. ते बंद कर. पोटऱ्यांचा व्यायाम कर: पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहून टाच खाली-वर. दिवसातले दोन-तीन तास चामड्याचे बूट घालून वावर, म्हणजे टाचेवरचे फोड घरीच येऊन जातील. नखं सरळ कापायची, कोपऱ्यात गोल नाही. आणि जाण्याआधीचे पाच-सहा दिवस पळूच नकोस. ताजे पाय घेऊन जा.

तिथे गेल्यावर दुखलं तर सांग. पीटीआय, म्हणजे पीटी घेणारा इन्स्ट्रक्टर, ओरडेल, ओरडू दे. ओरडणं त्याचं कामच आहे. नुसतं अंग दुखणं आणि एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखणं यात फरक आहे. अंग सगळ्यांचंच दुखतं. बोट ठेवता येईल असं दुखलं की त्याच दिवशी सिक बे, म्हणजे तिथला दवाखाना, गाठ.

आता वेळेचं. पुतण्याची निवड झाली तेव्हा मी त्याला एकही जोर मारायला लावला नाही. मोबाइलचं स्टॉपवॉच लावलं आणि सांगितलं, उठल्यापासून बारा मिनिटांत शौच, दाढी, गार पाण्याची आंघोळ, अंथरुणाची घडी, इस्त्रीचे कपडे, बूट घालून अंगणात उभा राहा. पहिल्या दिवशी त्याला चौतीस मिनिटं लागली. आजी हसून हसून बेजार. दाढी तर त्याला नव्हतीच, हनुवटीवर चार केस. तरी रोज ब्लेड फिरवायला लावलं, कारण तिथे रोज क्लीन शेव्ह लागते आणि नवशिक्याने घाईत ब्लेड फिरवलं की तो रक्ताचा टिपका घेऊनच फॉल-इनला (ओळीत उभं राहायला) येतो. विसाव्या दिवशी तो तेरा मिनिटांवर आला. नंतर फोनवर सांगत होता, "काका, पहिल्या आठवड्यात माझ्या ओळीत मी एकटाच शांत होतो."

तो शांत होता याचं कारण साधं आहे. बहुतेकांच्या घरी कपडे आई धुते, बटण आई लावते, बूट पुसले तर पुसले. तिथे एका बाजूला तुझी झोप असते आणि दुसऱ्या बाजूला ही कामं. ज्याचा हात संथ, त्याची झोप जाते. ज्याची झोप गेली तो दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगतो, पेंगला की रगडा (शिक्षेची कसरत), रगड्याने आणखी थकतो, रात्री हात आणखी संथ चालतो. हे चक्र मी खूप जणांचं पाहिलं. त्यांतले बरेच पळण्यात माझ्यापेक्षा सरस होते.

तेव्हा घरी शिकून घे: बटण लावणं, उसवलेली शिवण टाचणं, पांढऱ्या कपड्याची इस्त्री. पांढऱ्यावर इस्त्री जरा जास्त गरम झाली की पिवळा डाग पडतो आणि तो जात नाही, म्हणून घरच्या जुन्या पांढऱ्या सदऱ्यावर हात बसव. बुटाच्या पुढच्या टोकाचं पॉलिश तर कला आहे. ब्रशने होत नाही. जुन्या बनियनचा तुकडा दोन बोटांभोवती ताणून गुंडाळायचा, डबीत फक्त टेकवायचा, एक थेंब पाणी, आणि बुटावर रुपयाएवढी गोल गोल वर्तुळं. दाबायचं नाही. आधी सगळं धूसर दिसतं आणि वाटतं की बूट वाया गेला. तरी फिरवत राहायचं. पातळ थरावर पातळ थर बसला की अचानक त्यात बल्ब दिसायला लागतो. पहिल्यांदा मला दीड तास लागला होता, शेवटी शेवटी दहा मिनिटं. घाई म्हणून जाड थर देशील तर परेडवर पहिल्या आपटीलाच त्याला तडे जातील.

पोहण्याची काळजी करतोयस, ती निम्मी कर. येत नसेल त्याला तिथे अगदी पहिल्यापासून शिकवतात. आमच्याकडे उन्हाळ्यात प्यायला टँकर यायचा, पोहायला पाणी कुठून आणणार? मी पूलच पहिल्यांदा तिथे पाहिला. गंमत म्हणजे विहिरीत पोहून आलेली मुलं उडी बिनधास्त मारायची, पण हात न मारता पाण्यावर पडून राहा म्हटलं की त्यांची धांदल. चाचणीत नुसतं अंतर कापणं नसतं, उंचावरून उडी असते आणि काही मिनिटं तरंगत राहणंही असतं. एवढ्या दिवसांत जवळ पूल आणि शिकवणारा मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला तर एकट्याने नदी-विहिरीत उतरून शहाणपण करू नकोस. बादलीत तोंड बुडवून पाण्यात हळूहळू श्वास सोडायची सवय कर. पाण्याच्या भीतीचा मोठा भाग नाकातोंडात पाणी जाण्याच्या भीतीचा असतो, तो घरीच मोडतो.

हिंदीचं सांगू? माझी हिंदी ऐकून माझ्या मेसमधला हरियाणाचा पोरगा आठवडाभर हसत होता. त्याच्या शेजारी तमिळनाडूचा होता, त्याला तेवढीही येत नव्हती. महिन्यात सगळ्यांची मिळून एक खिचडी भाषा तयार झाली, ती मी अजून बोलतो. ड्रिलचे शब्द हिंदीत असतात: सावधान, विश्राम, तेज चल, थम. एनसीसीत होतास तर येतातच. जहाजावरचे शब्द मात्र इंग्रजी, आणि ते आधीच पाठ केलेस तर वर्गात सोपं जाईल. जमीन म्हणजे डेक, भिंत म्हणजे बल्कहेड, स्वयंपाकघर म्हणजे गॅली, संडास म्हणजे हेड्स. जहाजाच्या पुढच्या टोकाकडे तोंड करून उभं राहिलं की डावी बाजू पोर्ट, तिचा दिवा लाल. उजवी स्टारबोर्ड, तिचा हिरवा. एक दोरी घे आणि बोलाइन, क्लोव्ह हिच, रीफ नॉट या तीन गाठी अंधारात बांधता येईपर्यंत बांध. आणि घड्याळ चोवीस तासांवर टाक आजच.

ड्रिल कसं दिसतं ते बघायचं असेल तर अग्निवीरांच्या पहिल्या बॅचची पासिंग आऊट परेड बघ, २८ मार्च २०२३ ची. अडीच हजारांहून जास्त जण, मुलीसुद्धा होत्या, आणि परेड नेहमीसारखी सकाळी न होता सूर्यास्तानंतर झाली होती. बघताना बँड नको बघूस, टाचा बघ.

जागेबद्दल थोडं. चिल्का ओडिशात खोर्धा जिल्ह्यात, चिलिका सरोवराच्या काठावर आहे. मुंबई-पुणे-सोलापूरकडून जाणाऱ्यांना कोणार्क एक्स्प्रेस सोयीची, बालुगावला उतरायचं. जॉइनिंग लेटरमध्ये हजर व्हायची जी जागा आणि वेळ दिलीय तीच खरी, व्हॉट्सअॅपवरची नाही. हवा दमट. घाम वाळत नाही, आणि मग जांघेत, बोटांच्या बेचक्यांत खाज सुटते. सुती आतले कपडे जास्तीचे ने, पावडर ने, आणि पाय कोरडे केल्याशिवाय मोजा चढवू नकोस. हिवाळ्यात सरोवरावर परदेशातून पक्षी येतात, लोक पैसे खर्चून बघायला जातात. आम्ही तिथे राहून एकदाही मान वर करून पाहिले नाहीत. तू जमलं तर पाहा.

फोन हवा तेव्हा वापरता येणार नाही, हे घरी आत्ताच सांगून ठेव. नाहीतर पहिल्या आठवड्यात फोन आला नाही की आई जेवणार नाही. दोन-तीन नंबर कागदावर लिहून ने. आजकाल स्वतःच्या आईचा नंबरही कुणाला पाठ नसतो.

पैशांचं तुला माहीत असेलच. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, त्यातले ९,००० सेवा निधीत (चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या फंडात) जातात, हातात २१,००० येतात. चार वर्षांनी २५ टक्क्यांपर्यंत मुलांना पुढे ठेवून घेतात, त्यावर आत्ता रात्री जागवू नकोस. एवढं मात्र खरं की तुझी नोंद पहिल्या दिवसापासून तयार होत असते. चिल्कानंतर ट्रेडप्रमाणे पुढच्या शाळेत पाठवतात. इंजिनचं काम मिळालं तर आपल्या लोणावळ्यात आयएनएस शिवाजीला येशील, इलेक्ट्रिकलवाले जामनगरला आयएनएस वलसुराला जातात.

आमच्या गावाजवळच्या एका भरती अकॅडमीचा मास्तर मुलांना सांगायचा की तिथे गेल्यावर मेडिकल नुसतं नावाला असतं. ऐकू नकोस. तिथे पुन्हा नीट तपासतात. निवड झाल्याच्या आनंदात मित्रांबरोबर जाऊन हातावर टॅटू काढून घेणारे महाभाग मी ऐकलेत, तसलं काही करू नकोस. मूळ कागदपत्रं आत्ताच एका फाइलमध्ये लाव आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख आधारशी अक्षरन् अक्षर जुळतंय का पाहा. मधल्या नावात एक वेलांटी इकडची तिकडे असली तरी आत्ता दुरुस्त करायला तालुक्याला दोन चकरा होतील, तिथून करायची म्हटलं तर घरच्यांचं रडणं.

आणि हो, लिहायचं राहूनच जात होतं. जाण्याच्या आधी डॉक्टरकडून कानातला मळ काढून घे आणि दातांवरचं कीटण साफ करून घे. हे नौदल स्वतःच्या सूचनेतच सांगतं आणि कुणी वाचत नाही. काडीने घरी कोरत बसू नकोस, मळ आणखी आत जातो.