गुहागर की चिपळूण?

प्रश्न : ताई, आम्ही कोथरूडला राहतो, हे आत्ताच रिटायर झालेत. कोकणात घर घ्यायचंय. हे म्हणतात गुहागर, समुद्र, शांतता वगैरे, मला चिपळूण बरं वाटतं कारण बाजार, डॉक्टर सगळं हाताशी. काय करावं?

उत्तर : अहो, मी तुमच्या बाजूने! गुहागरचा किनारा आणि व्याडेश्वराचं देऊळ, प्रेमातच पडतो माणूस, पण रेल्वे नाही, पुण्या-मुंबईच्या डॉक्टरकडे जायचं तर आधी चाळीसेक किलोमीटर चिपळूण गाठा. शिवाय खारा वारा. माझ्या आत्याच्या गेटची कडी दोन पावसाळ्यांत अक्षरशः हातात आली, आणि फ्रीजचं तर विचारूच नका.

पण चिपळूणला डोळे मिटून घर घेऊ नका हं. जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत घुसलं होतं, तेव्हा घर उंचावर बघा आणि शेजारच्यांना विचारा पाणी कुठवर आलेलं, एजंटला नको. ह्यांना सुट्टीला न्या गुहागरला, फक्त दिवाळीत नाही, जुलैमध्ये महिनाभर भाड्याने राहून बघा, लाइट गेल्यावर काय म्हणतात ते मला कळवा!