धुरकट डागांवर संशोधन करायचं म्हणते, करू द्यावं का?

डोंबिवली पूर्वेहून एका आईचं पत्र आलंय, मोठं आहे म्हणून थोडक्यात सांगते. मुलगी बारावी सायन्सला, इंजिनिअरिंगच्या क्लासची १ लाख ८० हजार फी भरून झालीये, वडील ऐरोलीला कंपनीत, आई पतपेढीत. दिवाळीच्या सुट्टीत मुलीने जाहीर केलं की मला इंजिनिअर व्हायचं नाहीये, मला दीर्घिकांवर, म्हणजे गॅलेक्सींवर संशोधन करायचंय, आणि त्यातही दीर्घिकांच्या समूहात ज्या छोट्या, फिकट, लंबवर्तुळाकार दीर्घिका असतात त्यांच्यावर. आई लिहितात, "ब्लॅक होल म्हणाली असती तरी नातेवाईकांना काही सांगता आलं असतं. तिने फोटो दाखवला त्यात मला नुसता धुरकट डाग दिसला. हे खूळ आहे का? यावर पोट भरतं का? आणि एकुलती एक मुलगी, मुंबईबाहेर पाठवावी लागेल का?"

ताई, तुमच्या पत्रातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली ओळ म्हणजे ती ब्लॅक होलवाली. माझ्याकडे वर्षाला बरीच मुलं येतात ज्यांना ॲस्ट्रो करायचं असतं, आणि त्यातली बहुतेक ब्लॅक होल म्हणतात, व्हिडिओ बघून आलेली असतात, त्यात वाईट काही नाही, सुरुवात तशीच होते. पण ज्या पोरीला दिसायला काहीच नसलेला डाग आवडलाय ती फोटोच्या पुढे जाऊन काहीतरी वाचून आलीये. तिने तुम्हाला सांगायचा प्रयत्न केला असेल पण घाईत, चिडून, जेवणाच्या ताटावर, तसं नीट पोचत नाही. म्हणून आधी तो डाग काय आहे ते मी सांगते, मग पैशांचं बोलू.

कन्या राशीच्या दिशेला, आपल्यापासून साधारण ५ कोटी ४० लाख प्रकाशवर्षांवर दीर्घिकांचा एक प्रचंड समूह आहे, हजाराच्या वर दीर्घिका आहेत त्यात. मधोमध एम ८७ नावाची महाकाय दीर्घिका, जिच्या ब्लॅक होलचा फोटो १० एप्रिल २०१९ ला सगळ्या पेपरात आला होता, तुम्हीही पाहिला असेल, केशरी कडं असलेला. सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे. पण डोकी मोजायला बसलं तर तिथे सगळ्यात जास्त संख्या आहे ती तुमच्या लेकीच्या डागांची, बटु म्हणजे छोट्या, लंबवर्तुळाकार दीर्घिकांची. १९८५ साली बिंगेली, सँडेज आणि टॅमन या तिघांनी या समूहाची यादी छापली, सुमारे दोन हजार नोंदींची, त्यातला मोठा भाग हाच. आपल्या आकाशगंगेच्या मानाने यांच्यात तारे शंभर पट, कधी हजार पट कमी, गॅस जवळजवळ संपलेला, त्यामुळे नवीन तारे जन्माला येणं थांबलेलं, जे आहेत ते बहुतेक म्हातारे. आणि प्रश्न असा आहे की या जन्मापासूनच अशा होत्या की गर्दीत येऊन अशा झाल्या?

हे डोंबिवलीकराला समजवायला मला जड जाणार नाही. सकाळच्या फास्ट लोकलला दारात उभं राहिलं की गाडीने वेग घेतल्यावर ओढणी कशी मागे उडते, धरून ठेवली नाही तर जातेच. समूहातल्या दीर्घिकांच्या मधली जागा रिकामी नसते, तिथे कोट्यवधी अंश तापलेला विरळ गॅस भरलेला असतो. त्यात एखादी छोटी दीर्घिका सेकंदाला हजार किलोमीटरच्या वेगाने शिरली की तिचा स्वतःचा गॅस समोरच्या वाऱ्याने मागे खेचला जातो, तारे तेवढे जागेवर राहतात. वर शेजारून जाणाऱ्या मोठ्या दीर्घिकांचे धक्के, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. या धक्क्यांना शास्त्रज्ञांनी १९९६ पासून सरळ 'छळ' याच अर्थाचा शब्द वापरलाय. म्हणजे एखादी छान भुजाबिजा असलेली छोटी सर्पिल दीर्घिका आत आली आणि काही अब्ज वर्षांत तिचा गुळगुळीत डाग झाला, असं होऊ शकतं. सगळ्याच तशा झाल्या का, की काही मुळातच तशा, यावर अजून वाद चालू आहे आणि तुमच्या मुलीला नेमकं तिथेच काम करायचंय.

आता एक गोष्ट सांगते, ती तिलाही वाचायला द्या. आयसी ३३२८ नावाची अशीच एक दीर्घिका, याच समूहातली. फोटोत नुसता लांबट डाग. २००० साली काही शास्त्रज्ञांनी चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीने तिचा खोल फोटो घेतला, त्यातून गुळगुळीत भाग हिशोबाने वजा केला, आणि खाली उरल्या दोन फिकट सर्पिल भुजा! डागाच्या पोटात जुनं रूप लपलेलं होतं. मग २००६ मध्ये दुसऱ्या एका टीमने याच समूहातल्या अशा ४७६ बटु दीर्घिका तपासल्या आणि ४१ मध्ये चकतीच्या, भुजांच्या किंवा दांड्याच्या (मधून जाणाऱ्या ताऱ्यांच्या पट्ट्याच्या) खुणा मिळाल्या, काही अगदी स्पष्ट, काही 'बहुतेक असावं' अशा. मला ही गोष्ट फार आवडते, खरंच सांगते, मी स्वतः फिजिक्सवाली नाही तरी.

आणि करिअरच्या दृष्टीने यात जे महत्त्वाचं आहे ते हे की २००६ चं काम आकाशाच्या स्लोन सर्व्हेच्या डेटावर झालं, एसडीएसएस म्हणतात त्याला, आणि तो डेटा आज कुणालाही फुकट मिळतो. तुमच्या घरातल्या लॅपटॉपवरसुद्धा. म्हणजे हे खूळ आहे का याचं उत्तर मी देण्यापेक्षा तिचं तीच शोधू शकते. तिला सांगा, आयसी ३३२८ चा फोटो साइटवरून फाइलच्या स्वरूपात उतरवून घे, नुसतं चित्र नाही, मोजमापाची फाइल. पायथन शिक, ॲस्ट्रोपाय नावाची लायब्ररी फुकट आहे. फोटो धूसर कर आणि मूळ फोटोतून तो वजा कर. भुजा दिसतील किंवा दिसणार नाहीत, पहिल्या झटक्यात बहुधा नाहीतच. मला बघायचंय ते वेगळंच. चार संध्याकाळी कोड चालला नाही, पाचव्या संध्याकाळी चालला पण चित्र भलतंच आलं, सहाव्या संध्याकाळी ती परत बसते का? कारण हे संशोधन म्हणजे रोजचं काम तेच आहे ताई, दुर्बिणीला डोळा लावणं वर्षातून काही रात्री, ज्यांना मिळतात त्यांना, बाकी सगळे दिवस स्क्रीनवर आकडे, चुका शोधणं, परत मोजणं. विषय आवडणं आणि हे काम आवडणं या दोन गोष्टी आहेत आणि मुलं (आणि पालकही) पहिल्यावरूनच निर्णय घेतात, तिथे घोटाळा होतो.

पण हे बोर्डाच्या परीक्षेनंतर. आत्ता नाही. आत्ता फार तर एक रात्र द्या तिला, वडिलांना सोबत घेऊन एखाद्या आकाशदर्शनाला वांगणीला जाऊ दे, खगोल मंडळासारख्या संस्था नेतात, तुमच्याच लाईनवर आहे. थंडीत देवयानी दीर्घिका छान दिसते आणि तिच्या शेजारी एम ११० नावाचा छोटा फिकट ठिपका असतो, तीही बटु लंबवर्तुळाकारच. समूहातली नाही, आपल्या अंगणातली, फक्त २५ लाख प्रकाशवर्षं! तुम्हीपण जा. तो डाग एकदा दुर्बिणीतून बघा म्हणजे लेक काय बोलते ते थोडं तरी जवळचं वाटेल.

आता क्लासचं. फी वाया गेली असं समजू नका आणि क्लास सोडू तर अजिबात देऊ नका. फिजिक्स-मॅथ्सचा तोच अभ्यास आयसरच्या, म्हणजे सरकारी विज्ञान संस्थांच्या प्रवेश परीक्षेला लागतो, आयएटी म्हणतात, आणि एनईएसटी म्हणजे नेस्ट या दुसऱ्या प्रवेश परीक्षेलाही. एक गोष्ट लक्षात ठेवा, आयएटीमध्ये बायोलॉजीचेही प्रश्न असतात आणि ते सगळ्यांना असतात, बायो सोडलेल्या मुलांना हे फॉर्म भरताना कळतं आणि मग धावपळ होते. अकरावी-बारावीची बायोची पुस्तकं आत्ताच मागवून ठेवा, बोर्डानंतरच्या आठवड्यांत निदान सोपे प्रश्न सुटतील एवढं तरी होईल.

मुंबईबाहेर पाठवण्याचं विचारलंत. नेस्टमधून भुवनेश्वरच्या नायझर या विज्ञान संस्थेत जाता येतं तसं कलिनाला विद्यापीठाच्या आवारात सीईबीएसलाही जाता येतं, मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभागाचं मिळून चालवलेलं सेंटर आहे, पाच वर्षांचं इंटिग्रेटेड एमएस्सी. डोंबिवलीहून कुर्ला आणि पुढे बस, रोजचं जाणंयेणं होऊ शकतं. मुंबईत असूनही कितीतरी पालकांना हे नाव माहीत नसतं याचं मला दर वर्षी वाईट वाटतं. पुण्याचं आयसर दुसरं, तिथून आयुका (खगोलशास्त्राची संस्था) आणि एनसीआरए (रेडिओ खगोलशास्त्राची) दोन्ही एकाच शहरात, दीर्घिकांवर काम करणाऱ्या माणसाला याहून चांगला शेजार आपल्या देशात क्वचित मिळेल. आयुका १९८८ मध्ये नारळीकर सरांनी उभी केली, आणि एनसीआरएची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण नारायणगावजवळ खोडदला आहे, ४५ मीटरच्या ३० अँटेना. हे काही जमलं नाही तर मुंबईतल्या चांगल्या कॉलेजातून फिजिक्समध्ये बीएस्सी, मग जॅम परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी, हा रस्ता जुना आहे आणि चांगला आहे, त्याला कमी समजू नका. बीएस्सी करताना मानखुर्दच्या होमी भाभा सेंटरचा एनआययूएस हा विद्यार्थ्यांसाठीचा संशोधन कार्यक्रम, टीआयएफआर या संशोधन संस्थेची उन्हाळी योजना, आयुकाची सुट्टीतली योजना, यातल्या एकात तरी शिरायचा प्रयत्न करावा, तिथे खऱ्या संशोधकाबरोबर बसायला मिळतं.

आणि पीएचडीला एक ना एक दिवस ती बाहेर जाणारच, पुणे, बंगळुरू, नैनिताल, नाहीतर परदेश. ते मी लपवून ठेवणार नाही.

आधी इंजिनिअरिंग करू दे मग बघू, असं तिचे वडील म्हणतात असं लिहिलंय तुम्ही. पूर्वी मीही हाच सल्ला द्यायचे. दहा-बारा वर्षांपूर्वी एका मुलाला दिला होता, फिजिक्सचं वेड असलेला मुलगा, त्याला मी म्हटलं डिग्री घे, सेफ राहा. त्याने घेतली, चार वर्षं मन नसलेल्या विषयात केटी सोडवत काढली, आणि शेवटी फिजिक्सकडे यायचा दमच उरला नाही त्याच्यात. दार बंद नव्हतं, बीटेकवाल्यांनाही जेस्टसारख्या परीक्षेतून पीएचडीला येता येतं, काही जण येतातही आणि उत्तम काम करतात. पण त्या मुलाबाबत मी चुकले आणि तेव्हापासून सरसकट हा सल्ला देत नाही. तुमच्या मुलीला कोडिंग किंवा इलेक्ट्रॉनिक्स मनापासून आवडत असेल तर ठीक, नुसतं भीतीपोटी नको.

पैसे. पीएचडीला फी भरायची नसते, उलट महिन्याला फेलोशिप मिळते, ज्युनिअर रिसर्च फेलोची सध्या ३७,००० रुपये आणि घरभाडं वेगळं, दोन वर्षांनी ४२,०००. पण हिशोब मांडून बघा, पाच वर्षं एमएस्सीपर्यंत, मग पाच-सहा वर्षं पीएचडी, मग दोन-तीन पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधन नोकऱ्या, बहुधा बाहेर, म्हणजे कायमची नोकरी लागेपर्यंत पस्तिशी येऊ शकते, आणि कायमच्या जागा थोड्याच असतात. तोवर चुलतभावाने ठाण्याला फ्लॅट घेतलेला असेल. हे ऐकून तिला कसं वाटतं ते तिला विचारा, तुम्हाला कसं वाटतं ते नंतर. आणि लग्नाचा विषय या हिशोबात घुसडू नका ही माझी हात जोडून विनंती, पत्रात तुम्ही दोनदा लिहिलंय. अध्यापकाची जागा मिळाली नाही तर? फिकट डागातून खूण वेगळी काढायला जे शिकावं लागतं, स्टॅटिस्टिक्स, इमेज प्रोसेसिंग, भरपूर कोड, त्याला बँकांपासून मेडिकल स्कॅनच्या कंपन्यांपर्यंत मागणी आहे आणि पीएचडीनंतर बरेच जण तिकडे जातात, सन्मानाने. उपाशी राहणार नाही ती. पंचविशीत श्रीमंत होणार नाही एवढंच.

वेळ मात्र तिने चांगली साधलीये. चिलीतल्या रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये पहिले फोटो दाखवले त्यात कन्या राशीतला हाच समूह होता, ३२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा, आणि आता दहा वर्षं तेच आकाश परत परत टिपायचं काम आहे. फिकट गोष्टी अशाच दिसतात, अनेक फोटो एकावर एक रचून. तुमची मुलगी पीएचडीच्या दारात पोचेल तेव्हा निम्म्या सर्व्हेचा डेटा साचलेला असेल आणि त्यात आज कुणाच्याच यादीत नसलेले डाग असतील.

तर बोर्ड संपू दे, बायोची पुस्तकं आणा, आयएटी आणि नेस्ट दोन्हीचे फॉर्म भरा, इंजिनिअरिंगच्या परीक्षाही देऊ दे. एप्रिलमध्ये कन्या रास संध्याकाळपासून वर असते, तेव्हा मी सांगितलेलं ते वजाबाकीचं काम तिला करायला लावा आणि जे चित्र येईल, बरंवाईट कसंही, ते मला पाठवा, सोबत तिने किती वेळा चुकून परत केलं तेही तिच्याच अक्षरात लिहून. ते वाचून मी तिच्या वडिलांशी स्वतः बोलेन, रविवारी त्यांना सुट्टी असते ना?